काचेच्या आतल्या बाजूला

चिझुरु त्या दुपारी घरातून निघाली ती फक्त दोन डबे आणायला. एक तिचा स्वतःचा, एक इत्सुकोचा. बीजिंगच्या सहलीत काढलेल्या स्लाइड धुऊन, चौकटीत बसवून तयार आहेत असा फोटोवाल्याचा फोन आला होता, आणि इत्सुको तर तीन आठवडे अंथरुणाला खिळलेली. "माझ्याही घेऊन ये ना गं, चिझु-चान. इथेच ये, मिळून बघू," असं ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक येत होता की चिझुरुला रिसीव्हर कानावर दाबून धरावा लागला.

दोघी बासष्ट वर्षांच्या. शाळेत एका बाकावर बसायच्या. पुढे चिझुरुचं लग्न झालं, इत्सुको मास्तरीण झाली आणि लग्नाच्या भानगडीत पडलीच नाही. चाळिशी उलटल्यावर दोघींनी एकाच दुकानातून कॅमेरे घेतले आणि एकाच दिवशी गावातल्या छायाचित्र मंडळात नावं घातली. त्या दिवसापासून, म्हणजे गेली एकोणीस वर्षं, चिझुरुच्या पोटात दुखत होतं.

आमच्या कानाझावात नोव्हेंबर म्हणजे पाइनच्या झाडांना दोर बांधायचे दिवस. बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून माळी झाडाशेजारी उंच बांबू उभा करतात आणि त्याच्या टोकापासून एकेका फांदीला दोर ताणतात. दुकानाकडे जाताना चिझुरुला बागेत एका पाइनवर माळी चढलेले दिसले आणि तिने मान फिरवली. कारण नऊ वर्षांपूर्वी याच झाडाचा फोटो दोघींनी एकाच सकाळी काढला होता, एकमेकींपासून हातभर अंतरावर उभ्या राहून. मंडळाच्या बैठकीत नावं झाकून फोटो लावतात. मुरोता सेन्सेई, म्हणजे मंडळाचे गुरुजी, हात मागे बांधून फळ्यापुढून सावकाश चालत गेले. चिझुरुच्या फोटोपुढे थांबून म्हणाले, "नीटनेटका आहे." इत्सुकोच्या फोटोपुढे ते काहीच बोलले नाहीत. नुसता चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

मंडळात नवं आलेलं माणूस 'नीटनेटका' ऐकून खूश होतं. जुन्यांना ठाऊक असतं की सेन्सेईंकडून हा शब्द मिळण्यापेक्षा शिवी मिळालेली परवडली. चिझुरुला तो एकोणीस वर्षांत इतक्यांदा मिळाला होता की घर आवरल्यावर कुणी कौतुकाने म्हटला तरी तिच्या नाकाला मिरच्या झोंबत. आणि इत्सुको? ती बैठकीहून परतताना चिझुरुच्या हातात हात घालून म्हणायची, "तुझा उजेड माझ्यापेक्षा चांगला होता हं." हे ती मनापासून म्हणायची, तेच तर जास्त झोंबायचं. इत्सुको जरा गर्विष्ठ असती, निदान कंजूष असती, तरी चिझुरुचं पुष्कळ सोपं झालं असतं.

बीजिंगच्या सहलीत तिला वाटलं होतं, या खेपेला तरी. तिथल्या जुन्या बादशहांच्या राजवाड्यात आतल्या महालांना कुलपं असतात. लोक धुळकट काचांना नाक लावून आतला अंधार बघतात. त्या काचेतून फोटो काढायला गेलं तर आतलं काही येत नाही. येतं ते मागचं आभाळ आणि आपलीच टोपी. यावर तोड काढली होती चिझुरुने. जाड काळ्या कापडाची एक झोळी शिवली, मधोमध भिंगापुरतं भोक ठेवलं. झोळी कॅमेऱ्याला बांधायची, भिंग काचेला टेकवायचं आणि कापड चारी बाजूंनी काचेवर दाबून धरायचं. मग बाहेरचं काही म्हणजे काही उमटत नाही. अख्खा उन्हाळा तिने घरच्या भांड्यांच्या कपाटावर हा प्रयोग केला होता. नवऱ्याच्या माघारी त्या घरात तिला हसायलाही कुणी नव्हतं. या एका गोष्टीत ती इत्सुकोच्या पुढे होती, आणि सेन्सेई फेब्रुवारीच्या प्रदर्शनात एकाच सभासदाला अख्खी भिंत देणार होते.

राजवाड्याच्या आदल्या रात्री मंडळाने उकळत्या रश्श्यात बुडवून खायचं मटण खाल्लं आणि नऊ जणांमधून ते बाधलं एकट्या चिझुरुला. सकाळी तिला उभंही राहवेना. इत्सुकोने घरून आणलेलं खारवलेलं उमेचं फळ भाताच्या पेजेत कुस्करून तिला चमच्याने भरवलं.

"मी थांबते तुझ्याजवळ," ती म्हणाली. "राजवाडा काय, पाचशे वर्षं उभाच आहे."

"जा गं बाई. माझ्या उशाशी बसून काय माझ्या पोटाचे फोटो काढणार आहेस?"

इत्सुको हसली. दारापर्यंत गेली आणि तिथे घुटमळली. "चिझु-चान... ते काळं कापड नेऊ का मी? नको असेल तर नको."

"ने की. त्यात विचारायचं काय?"

दार लागलं. चिझुरुने भिंतीकडे तोंड केलं आणि मग दिवसभर तिने दुसरं काही केलंच नाही. सगळ्या जागा तिला पाठ होत्या, दोघींनी मिळून नकाशावर खुणा केल्या होत्या. आता ती मोठ्या दरवाज्यातून आत गेली असेल. आता विटांचं ते भलंमोठं अंगण ओलांडत असेल. आता राण्यांच्या बाजूच्या अरुंद बोळात, लाल भिंतींमधून... आता पहिली खिडकी. आता बांधलं असेल माझं कापड. आता टेकवलं असेल भिंग. काय दिसतंय तिला? काय दिसतंय? अंगात ताप होता, पण जळत होतं ते तापाने नव्हे. बघायची तिची हाव एवढी वाढली की दात एकमेकांवर आवळले गेले. मग केव्हातरी डोळा लागला, म्हणजे तिला तसं वाटलं. झोपेत वास आला, वर्षानुवर्षं बंद असलेल्या धुळीचा आणि कापराचा. पायाखाली गार फरशी होती. नाकाच्या शेंड्याला काहीतरी गार, सपाट लागत होतं, आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं...

चार वाजता ती जागी झाली तेव्हा पाय बर्फासारखे झाले होते आणि मोज्यांचे तळवे राखाडी. हॉटेलवाले गालिचे झाडत नाहीत वाटतं, असं म्हणून तिने मोजे धुऊन टाकले.

संध्याकाळी इत्सुको परतली ती पांढरीफटक होऊन. कॅमेरा गळ्यातच होता. पलंगाच्या कडेला बसली आणि चिझुरुचा चेहरा निरखू लागली.

"तू आज कुठे होतीस गं?"

"कुठे असणार? इथेच."

"हो..." इत्सुको म्हणाली. "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी तिला उठता येईना. विमानात दोघांनी धरून चढवलं. घरी आल्यावर तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. छातीवर कुणीतरी येऊन बसतं, एवढंच ती सांगायची. चिझुरु दर दोन दिवसांनी काकीची गोड नारिंगी फळं, सूप काही ना काही घेऊन जायची. "काल आली होतीस ना?" इत्सुको विचारायची, आणि आपण काल आलो नव्हतो हे माहीत असूनही चिझुरु मान डोलवायची. आजारी माणसाशी वाद कशाला? आणि खोटं कशाला बोला, मैत्रिणीचं ते सुकलेलं तोंड बघून परतताना चिझुरुला कधीकधी थोडं हलकं वाटायचं. मग स्वतःचीच लाज वाटून ती पुढच्या खेपेला जास्त फळं न्यायची.

दुकानात त्सुजी एकटाच होता. तीस वर्षं गावाचे फोटो धुणारा हा माणूस बोलायला सैल. चिझुरुला तो एकोणीस वर्षं ओळखत होता.

"हा तुमचा," त्याने तिचा डबा गल्ल्यापाशी सरकवला. "व्यवस्थित आल्यात सगळ्या." मग दुसरा डबा त्याने दोन्ही हातांनी आणला. "आणि हा... बसा तुम्ही. या उभ्याने बघायच्या स्लाइड नाहीत. मी आगाऊपणा केला, आधीच बघितल्या. रागावू नका म्हणावं त्यांना."

त्याने उजेडाच्या टेबलाचा दिवा लावला आणि छत्तीस स्लाइड क्रमाने मांडल्या. चिझुरुने भिंग डोळ्याला लावलं. पहिल्या बारा बाहेरच्या होत्या. छपरांच्या पिवळ्या कौलांतून उगवलेलं गवत, झिजलेल्या विटा, पाठ करून बसलेली एक झाडूवाली. चांगल्या होत्या. पण एवढं तर मीही केलं असतं, असं तिने स्वतःला सांगितलं आणि तिला बरं वाटलं.

तेरावीपासून खिडक्या सुरू झाल्या. आतल्या खोलीत एक बसायची चौकी, तिच्यावर विटलेली गादी, कोपऱ्यात घड्याळ. प्रतिबिंब कुठेच नव्हतं. कापडाने काम चोख केलं होतं. मागच्या भिंतीशी काहीतरी फिकट होतं, पडद्यासारखं. चौदावीत खोली दुसरी होती, आणि ते फिकट काहीतरी चौकीच्या मागे आलं होतं. पंधरावीत त्याला खांदे होते. सोळावी... सतरावी... दर वेळी महाल वेगळा, आणि दर वेळी ती बाई एक पाऊल पुढे. विसाव्या स्लाइडमध्ये ती काचेपाशी पोचली होती. नाकाचा शेंडा काचेला दाबून चपटा झाला होता, तोंड किंचित उघडं होतं आणि श्वासाने काचेवर वाफ धरली होती.

वाफ आतल्या बाजूने होती.

चिझुरुने भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं, विसाव्याच स्लाइडवर; पुढच्या सोळांकडे तिचं लक्षच गेलं नाही. बाहेर उभ्या असलेल्या कुणाचं हे प्रतिबिंब म्हणावं, तर कापड तिने स्वतः शिवलं होतं. त्यातून काय येतं आणि काय येत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बाई आतच होती, कुलपाच्या आत. आणि तो चेहरा ती रोज सकाळी आरशात बघत होती. फक्त आरशात तो असा कधी दिसला नव्हता.

"कुठून मिळवली असेल हो ही बाई त्यांनी?" त्सुजी तिच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला. "इतका हावरा चेहरा माझ्या हाताखालून गेला नाही कधी. त्या राजवाड्यात म्हणे बादशहा एक आणि बायका शेकडो. त्यातलीच एखादी वाटते की नाही? पण अंगात बघा, लोकरीचं निळं जाकीट आहे."

चिझुरुने कोटाचं वरचं बटण लावलं. आत तेच निळं जाकीट होतं. त्सुजीने तिच्या तोंडाकडे बघितलं, स्लाइडकडे बघितलं, आणि त्याला काहीही कळलं नाही.

भीती वाटली, पण नंतर. आधी जे वाटलं ते सांगायलाही तिला लाज वाटली असती. विसावी स्लाइड हा इत्सुकोचा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो होता. सेन्सेई या फोटोपुढे चष्मा काढतील आणि पुन्हा लावायचं विसरतील. भिंत तिला मिळणार. चेहरा माझा, कापड माझं, आणि फोटो तिचा.

डबे पिशवीत घालून ती नदीच्या काठाकाठाने इत्सुकोच्या घराकडे निघाली तेव्हा तिला सासूची आठवण झाली. सासू नोतोच्या किनाऱ्यावरची, समुद्रकाठच्या गोष्टी सांगायची. ती म्हणायची, मेलेल्याच्या भुतापेक्षा जिवंत माणसाचं भूत वाईट. मेलेल्याला निदान ठाऊक असतं की आपण गेलोय. मनात कुणाबद्दल फार साठलं की जिवंत माणसातून ते उठून चालू लागतं, त्याला इकिर्यो म्हणतात. अंग घरी पडलेलं असतं आणि ते जाऊन ज्याचा हेवा वाटतो त्याच्या छातीवर बसतं. मग तो माणूस सुकत सुकत जातो. औषध? सासूला विचारलं होतं तिने. 'ज्याच्यातून निघालं त्याने मन धुऊन टाकायचं,' एवढंच सासू म्हणाली होती, आणि भांडी घासायला उठली होती.

छातीवर कुणीतरी येऊन बसतं... चिझुरु रस्त्यातच थांबली. तिने कठड्याला धरलं. मग तिने ठरवलं. पाया पडायचं, सगळं कबूल करायचं आणि मन धुवायचं. प्रदर्शन गेलं खड्ड्यात. इत्सुको जगली पाहिजे. उरलेला रस्ता ती इत्सुकोच्या चांगुलपणाची एकेक गोष्ट आठवत चालली, पेज भरवण्यापासून शाळेतल्या डब्यापर्यंत, आणि दारापाशी पोचली तेव्हा तिला खरंच रडू येत होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. सांभाळायला येणारी भाची बाजारात गेली होती. आतल्या खोलीत इत्सुको दोन उशांना टेकून बसली होती, गालांची हाडं वर आलेली. पांघरुणावर कॅमेरा होता. सरकत्या कागदी दारातून दुपारचा पांढरा उजेड चटईवर पडला होता.

"आणल्यास?"

"आणल्या."

"आणि बघितल्यास."

चिझुरु उशाशी गुडघे टेकून बसली. दोन्ही हात चटईवर ठेवून तिने कपाळ खाली टेकवलं. "इत्सुको... ती मी आहे."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"तेरावीला वाटलं, पडदा असेल. पंधरावीला ओळखलं." इत्सुको धापा टाकत बोलत होती. "भीती वाटली गं. तरी पुढच्या खिडकीपाशी गेले..."

"ओळखलंस, आणि फोटो काढत राहिलीस?"

"तू काय केलं असतंस?"

"पळाले असते मी."

"म्हणूनच तुझे फोटो नीटनेटके येतात, चिझु-चान," इत्सुको मायेने म्हणाली.

चिझुरुला ते लागलं, पण तिने गिळलं. सगळं सांगितलं तिने. एकोणीस वर्षांचं, बैठकांचं, पाइनच्या झाडाचं. परतताना वाटायच्या त्या हलकेपणाचंही सांगितलं. इत्सुको ऐकत होती, मध्येच हसली. "मला काय नवीन आहे का ते? तिसरीत माझी पट्टी मोडून माझ्याच दप्तरात ठेवली होतीस."

"थट्टा नको. मी हे धुऊन टाकते मनातून. आजपासून. शप्पथ घेते. तू बरी होशील."

"नको."

चिझुरुला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"रोज येतेस तू," इत्सुको म्हणाली. "तीन वाजता. आधी दारात उभी राहायचीस, मग कपाटापाशी. परवा पायाशी आलीस. बोलत नाहीस, बघतेस नुसती. आणि जसजशी जवळ येतेस तसा हा छातीवरचा दाब... असू दे. राजवाड्यात मधे काच होती गं. इथे काच नाही. रोज एकदोन काढतेय मी. अजून चार उरलेत रोलमध्ये."

"तू मरशील, इत्सुको."

"आयुष्यभर मी झाडांचे आणि विटांचे फोटो काढले. माणसाचा चेहरा कधी साधला नाही मला. आता येतोय तो..." तिने कॅमेरा उचलला. मनगटं काटकुळी झाली होती, पण हात हलत नव्हता. "एवढे चार होऊ देत. मग धू तुझं मन."

चिझुरुने कॅमेऱ्याला हात घातला. इत्सुकोने सोडला नाही. दोन म्हाताऱ्या क्षणभर लहान मुलींसारख्या ओढाताण करत राहिल्या, आणि मग इत्सुकोचे हात थांबले. ती चिझुरुच्या खांद्यापलीकडे, कपाटाच्या कोपऱ्याकडे बघत होती.

"आली..."

चिझुरुने मागे वळून बघितलं नाही. खोलीत बंद धुळीचा वास आला, कापराचा आला. मन धू, तिने स्वतःला बजावलं. पेज आठव. उमे आठव. डोळे मिटून घे.

तिने डोळे मिटले नाहीत, कारण समोर इत्सुकोचा चेहरा होता. सुकलेल्या त्या चेहऱ्यावर रंग चढला होता, डोळे लखलखत होते. ती कोपऱ्यातल्या कुणाकडे तरी अशी बघत होती की जगात दुसरं काही नाहीच. पन्नास वर्षांत, एका बाकावर बसून, हातात हात घालून, इत्सुकोने चिझुरुकडे असं एकदाही बघितलं नव्हतं.

"जरा पुढे ये, चिझु-चान," इत्सुको कोपऱ्याला म्हणाली. आवाज अगदी हळू, लाडाचा. "उजेडात ये... भिऊ नकोस."

मी इथे आहे, चिझुरुला ओरडावंसं वाटलं. इथे, तुझ्या उशाशी. तिच्याकडे काय बघतेस? आणि पोटातून ते वर आलं, जुनं, ओळखीचं, तिला थांबवता आलं नाही.

पाठीमागे चटई करकरली, एका पावलापुरती.

इत्सुकोचा श्वास मध्येच अडकला, ओठ निळे पडले. तरी तिने कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. खटका दाबल्याचा आवाज झाला.

"तीन उरले," ती म्हणाली.